धुऱ्यावरची बाटली आणि तिचं घराणं

रोहिणी लागल्या. आता आठ-पंधरा दिवसांत तिरोड्यातल्या कृषी केंद्रांपुढे मोटारसायकलींची रांग लागेल, आणि बियाणं-खताच्या पिशवीत एक पांढरी बाटलीही घरी येईल. गवत मारायची दवाई. तिच्याबद्दल आत्ताच लिहितो, कारण पाऊस पडल्यावर लिहून उपयोग नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्याच्याकडे धुरा आहे त्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

सुरुवात स्वतःपासून करतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या धुऱ्यावरची तूर गेली. शेजाऱ्याने त्याच्या धुऱ्यावर फवारा मारला, वारा आमच्या बाजूने होता. आठवडाभरात तुरीचे शेंडे पिवळे पडले, पंधराव्या दिवशी नुसत्या काड्या उभ्या. विचारायला गेलो तर तो बिचारा खरंच हळहळला. "धुऱ्यावरच मारलो जी, बांधीत थोडीच मारलो!" गवताची दवाई फक्त गवतालाच लागते, अशी त्याची प्रामाणिक समजूत. किती टाकलं म्हणून विचारलं, तर पंपाला दोन झाकणं. कोण सांगितलं? दुकानदार. झाकण कोणत्या बाटलीचं? ते मात्र आठवत नव्हतं. उरलेली दवाई त्याने कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून गोठ्यात ठेवली होती. घरात चार वर्षांचा नातू.

भांडलो नाही. तुरीचं एवढं काही नाही, दोन पायल्या झाली असती. पण ती कोल्ड्रिंकची बाटली डोक्यातून जात नव्हती, म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता बराच लांब गेलो.

त्या दवाईचं नाव ग्लायफोसेट. दुकानात ती वेगवेगळ्या नावांनी मिळते, पण आत माल तोच. रसायनशास्त्रात ती सेंद्रिय फॉस्फोनेट या घराण्यातली. या घराण्याची खूण एकच: रेणूमध्ये फॉस्फरस आणि कार्बन थेट एकमेकांना जोडलेले असतात, मध्ये ऑक्सिजनचा दलाल नसतो. ही गाठ पक्की असते, पाण्याने किंवा उष्णतेने सहज सुटत नाही. या घराण्यातल्या बऱ्याच जणांचा दुसरा गुण म्हणजे धातू पकडणं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह समोर आलं की खेकड्यासारखे धरून ठेवतात.

आता काचेवानीकडे बघा. आपल्या तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॅटचा. त्याला पाणी लागतं वैनगंगेचं. अशा कुठल्याही मोठ्या प्रकल्पात पाणी फिरत राहतं, गरम होतं, शीतकरण मनोऱ्यात थोडं वाफ होऊन उडून जातं आणि उरलेल्यात क्षार दाट होत जातात. घरच्या गिझरमध्ये किंवा चहाच्या गंजात जो पांढरा थर बसतो, तोच तिथे नळ्यांमध्ये बसतो. थर बसला की उष्णता नीट जात नाही, तेवढ्याच विजेला कोळसा जास्त जळतो. तो थर बसू नये म्हणून जगभर अशा पाण्यात फॉस्फोनेट घालतात. एचईडीपी आणि एटीएमपी ही त्यातली नेहमीची नावं. पूर्वी गंज रोखायला अशा पाण्यात क्रोमेट वापरत. ते कर्करोगाला कारण ठरतं म्हणून मागे पडलं आणि फॉस्फोनेट असलेली मिश्रणं पुढे आली.

गंमत प्रमाणात आहे. दहा लाख भाग पाण्यात पाच-दहा भाग एवढंच पुरतं. सगळं कॅल्शियम पकडायची गरजच नसते. क्षाराचा स्फटिक तयार होऊ लागला की त्याच्या वाढणाऱ्या टोकांवर हे रेणू जाऊन बसतात आणि त्याची वाढ अडवतात. जास्त टाकलं तर फायदा वाढत नाही, पैसा जातो आणि कधी कधी कॅल्शियमसोबत त्याचाच वेगळा गाळ बसतो. म्हणून अशा ठिकाणी मोजायला केमिस्ट असतो, पंप ठरवून दिलेलं तेवढंच सोडतो, पाण्याचा नमुना तपासला जातो, रजिस्टरमध्ये आकडा चढतो.

ग्लायफोसेट या मोजणाऱ्या घरातूनच बाहेर पडलं आहे, हे मला माहीत नव्हतं. १९५० साली स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत आन्री मार्टिन या रसायनशास्त्रज्ञाने हा रेणू पहिल्यांदा बनवला. औषध म्हणून त्याचा उपयोग दिसला नाही, पडून राहिला. १९६४ साली अमेरिकेतल्या स्टॉफर कंपनीने याच रेणूचं पेटंट घेतलं ते धातू पकडणारा म्हणून. शेतीचा तिथे संबंध नव्हता. मग मोन्सँटो कंपनी पाणी मृदू करणारी फॉस्फोनेटं तपासत होती. त्यातल्या दोनांनी गवत किंचित कोमेजलं. त्यांच्याच जॉन फ्रान्झ या शास्त्रज्ञाने तो धागा धरला आणि १९७० मध्ये ग्लायफोसेटचा तणनाशक गुण हाती आला. १९७४ मध्ये ते राउंडअप नावाने बाजारात आलं. म्हणजे काचेवानीच्या नळ्यांसाठी असतात तसली रसायनं तपासताना आपल्या धुऱ्यावरची दवाई सापडली. सख्खे नाही म्हणता येणार, पण चुलत भाऊ नक्की.

हे नातं नुसतं सांगण्यापुरतं नाही, आपल्या खिशाशी त्याचा संबंध आहे. धातू पकडायची सवय ग्लायफोसेटची सुटलेली नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात मिसळलं तर ते आधी पाण्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि गवतावर कमी पडतं. बांधीतलं गढूळ पाणी पंपात भरलं तर मातीच्या कणांना चिकटतं आणि तिथेच निकामी होतं. आपल्याकडे बहुतेक लोक काय करतात? बाजूच्या बोडीतलं किंवा बांधीतलं पाणी बालटीने उपसतात आणि पंप भरतात. गवत मरत नाही. मग माणूस म्हणतो, दवाई डुप्लिकेट आहे, आणि दोनाच्या जागी चार झाकणं टाकतो. (डुप्लिकेट माल नसतोच असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी दोष मालाचा नसतो.) स्वच्छ पाणी घेतलं तर दोन झाकणांत होणारं काम आपण चार झाकणांत करतो, आणि वाढलेली दोन झाकणं आपल्याच नाकातोंडात, आपल्याच बोडीत जातात. हे साधं वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत बाटलीवर किंवा दुकानाच्या भिंतीवर लिहिलेलं मला आजवर दिसलं नाही.

आणखी एक घोळ इथेच सोडवून घेऊ, कारण तो जिवाशी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. तिथे चर्चेत आलेल्या दवायांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं होती. फॉस्फेट आणि फॉस्फोनेट, नावात एका अक्षराचा फरक, पण शरीरात काम वेगळं. ती कीटकनाशकं आपल्या मज्जासंस्थेतलं एक विकर बंद पाडतात. लाळ गळते, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो, आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध देतात. ग्लायफोसेट वनस्पतीतलं वेगळंच विकर अडवतं, जे माणसात आणि जनावरात नसतंच. म्हणूनच "हे माणसाला काही करत नाही" असा प्रचार झाला. पण बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. ते पानात शिरावं म्हणून साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि पोटात गेल्यावर ते मिश्रण जीवघेणं ठरू शकतं. त्याच्यावर नेमका उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. म्हणून कुणाच्या पोटात काही गेलं तर दवाखान्यात जाताना बाटली, निदान तिचं लेबल, सोबत न्या. डॉक्टरला "गवताची दवाई" एवढंच सांगितलं तर तो काय ओळखणार? आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीला लेबलच नसतं, असलं तर चुकीचं असतं.

या घराण्याचा तिसरा दरवाजा मेडिकल स्टोअरमध्ये उघडतो. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांनी विचार केला की जो रेणू नळीतला क्षार अडवतो तो शरीरातल्या कॅल्शियमवर काय करेल. त्यातून हाडं ठिसूळ होण्यावरची बिसफॉस्फोनेट औषधं निघाली. ज्या एचईडीपीबद्दल वर लिहिलं, त्याचाच क्षार एटिड्रोनेट नावाने माणसांना दिला गेला. आज म्हाताऱ्या आयाबायांना आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी देतात. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही असं बजावतात. दुधासोबत का नाही? कारण गोळी दुधातल्या कॅल्शियमलाच धरून बसते. पंपातल्या जड पाण्याची आठवण झाली ना? एचआयव्हीच्या रुग्णांना सरकारी केंद्रावर मोफत मिळणाऱ्या गोळीतलं टेनोफोविरही फॉस्फोनेटच. म्हणजे "फॉस्फोनेट वाईट" असं ओरडून चालणार नाही. याच घराण्याने कुणाचा खुबा वाचवला, कुणाचा जीव वाचवला.

आणि याच घराण्यात सारीनही आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सोडला तो विषारी वायू. म्हणून रासायनिक शस्त्रबंदी करारात सारीनवर बंदी आहेच, शिवाय ज्यांपासून ते बनू शकतं अशी फॉस्फोनेटंही यादीत आहेत. त्यातलं एक कापड-प्लास्टिक पेटू नये म्हणून कारखान्यात रोज वापरलं जातं. भारताने या करारासाठी २००० साली स्वतंत्र कायदा केला. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त माल बनवला की कारखान्याला घोषणापत्र द्यावं लागतं, तपासणीला दार उघडावं लागतं. सांगायचा मुद्दा असा की सरकारला मोजायचं असलं की मोजता येतं.

आमच्या धुऱ्यावर मात्र झाकण.

कायदा नाही असंही नाही. ग्लायफोसेटला आपल्या देशात मंजुरी आहे ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेसाठी. गोंदिया जिल्ह्यात चहाचा मळा कुणी पाहिला असेल तर मला दाखवावा, मी चहा पाजतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांनीच वापरावं, इतरांनी नाही. वाचायला छान आहे. पण हा चालक तिरोडा तालुक्यात कुठे बसतो? त्याचा दर काय? तो रोवणीच्या घाईत कुणाच्या धुऱ्यावर येणार? दुकानात बाटली मिळते आहे, घेणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि फवारणारा तोच, पाय उघडे, तोंडाला दुपट्टा. ज्या आदेशाची अंमलबजावणी करणारा माणूसच गावात नाही, तो आदेश शेतकऱ्याला वाचवत नाही. उद्या काही झालं तर "तुम्ही बेकायदा फवारलं" असं म्हणायची सोय मात्र करून ठेवतो.

आता कोणीतरी विचारेल की हे नक्की घातक आहे का. सरळ उत्तर द्यायचं तर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो वाद स्वच्छ हातांनी झालेला नाही. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. अमेरिकेची आणि युरोपची नियामक यंत्रणा याच्याशी सहमत झाली नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची परवानगी दिली. तिकडे अमेरिकेत हजारो खटले झाले आणि मोन्सँटो विकत घेतलेल्या बायर कंपनीला तडजोडीत अब्जावधी डॉलर मोजायची वेळ आली. आणि "माणसाला धोका नाही" असं सांगताना वर्षानुवर्षं ज्याचा दाखला दिला गेला, तो २००० सालचा एक शोधनिबंध त्या नियतकालिकानेच २०२५ च्या अखेरीस मागे घेतला. त्याच्या लेखनात कंपनीच्या माणसांचा न सांगितलेला हात होता, हा त्यातला एक आक्षेप. कॅन्सर होतोच असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी "काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगितलं त्यांच्या शब्दावर मी माझ्या नातेवाइकांना उघड्या पायांनी फवारायला पाठवणार नाही.

पाण्याचा मुद्दा तर वादाच्या पलीकडचा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत रिक रेलिया यांनी प्रयोग करून दाखवलं की राउंडअप तळ्यासारख्या पाण्यात गेलं तर बेडकांची पिल्लं मोठ्या प्रमाणात मरतात. आपला भाग मामा तलावांचा, बोड्यांचा. धुरा संपतो तिथे बोडी लागते. त्या पाण्यात मासा आहे, शिंगाडा आहे, त्यावर ढिवर बांधवांची चूल आहे. जर्मनीत ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे असंही दाखवलं की कपडे धुण्याच्या पावडरीतल्या एका फॉस्फोनेटपासून सांडपाण्याच्या गाळात ग्लायफोसेट तयार होऊ शकतं. म्हणजे घराण्यातला एक भाऊ दुसऱ्याच्या रूपात बाहेर पडतो. म्हणून मला वाटतं, वीज प्रकल्प असो की एमआयडीसीतलं युनिट, फिरत्या पाण्यात कोणतं रसायन किती घालतो आणि बाहेर काही सोडत असेल तर त्यात फॉस्फरस किती, हे मराठी फलकावर गेटबाहेर लावावं. आरोप म्हणून मागत नाही. वैनगंगेचं पाणी वापरणाऱ्याकडे नदीकाठच्या माणसाने मागायची ती माहिती आहे.

मग बंदी घाला, असं काही मित्र म्हणतील. श्रीलंकेने २०१५ मध्ये घातली होती. चहावाले ओरडले, तीन वर्षांत चहा-रबरासाठी ढिली करावी लागली. पंजाबने २०१८ मध्ये विक्री थांबवली, केरळने २०१९ मध्ये. आपल्या कीटकनाशक कायद्यात राज्य सरकारचा बंदीचा अधिकारही थोड्या दिवसांपुरताच आहे, कायमचा निर्णय केंद्राचा. आणि समजा उद्या झाली बंदी, तर निंदण कोण काढणार?

हा खरा प्रश्न आहे आणि शहरातले लेखक तो टाळतात. रोवणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर आजची मजुरी आणि धानाचा भाव यांचं गणित जुळत नाही. पोरं नागपूर-पुण्याला, कुणी हैदराबादला. दोन माणसांचं घर, तीन एकर धान, धुरा दीड फूट गवताने भरलेला, त्यात साप. तिथे बाटली घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. विळा घेऊन पाच दिवस वाकण्यापेक्षा एक सकाळ पंप घेणं कुणालाही परवडेल. ज्या बायांची पाठ निंदून मोडली त्यांना विचारा तणनाशक हवं की नको. माझी आईच मला म्हणाली, "तू वाकून पाय एक दिवस, मंग लिव्ह."

पण त्याच आईने दुसरी गोष्टही सांगितली. पूर्वी पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरून तरोट्याची, पाथरीची भाजी खुडून आणायची. आता ज्या धुऱ्यावर फवारा झाला तिथली भाजी आणायला ती घाबरते, आणि कुठे फवारा झाला हे कुणी सांगत नाही. धुऱ्यावर तूर लावायची आपली रीत, वर्षभराचं वरण त्यातून निघायचं. फवाऱ्याने ती तूरच नको होऊन जाते, आणि मग तुरीची डाळ दुकानातून. बाटलीची किंमत काढताना हे कुणी धरत नाही.

तर माझं म्हणणं असं. फवारणी चालूच राहणार असेल तर ती करणारा माणूस गावात तयार करा. कृषी विभागाने मृगाआधी प्रत्येक मोठ्या गावातल्या दोन तरुणांना प्रशिक्षण द्यावं, परवाना मिळवून द्यावा, हातमोजे-बूट-मुखवटा आणि मोजायचा ग्लास द्यावा. मग २०२२ च्या अधिसूचनेला काही अर्थ येईल आणि दोन पोरांना रोजगारही. ज्यांना फवारायचं नाही त्यांच्यासाठी निंदणीच्या मजुरीचा काही भाग रोजगार हमीतून द्या, ही मागणी जुनी आहे, आमदार-खासदारांनी ती पुन्हा काढावी. आणि ग्रामसभेने एवढा ठराव तरी घ्यावा की बोडी, तलाव, विहीर यांच्या लगतच्या धुऱ्यावर फवारा नाही, आणि बाकी ठिकाणी फवारणाऱ्याने आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचं. याला कुठल्या खात्याचा निधी लागत नाही.

दुकानदार मित्रांनाही सांगणं आहे. तुमच्यावर राग नाही, शेतकऱ्याचा खरा कृषी सल्लागार आज तुम्हीच आहात. पक्कं बिल द्या, आणि झाकणाऐवजी मिलीलीटर सांगा. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग एकदम पोटात गेल्यास किती विषारी एवढंच सांगतो, वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर पडल्यास काय, ते सांगत नाही, हेही गिऱ्हाइकाला कळू द्या.

शेजाऱ्याने कोल्ड्रिंकची ती बाटली माझ्यासमोर खड्ड्यात पुरली, घरापासून आणि विहिरीपासून दूर. तीही योग्य पद्धत नाही म्हणतात, पण रिकाम्या बाटल्या परत घ्यायची सोय आपल्या तालुक्यात कुठे असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका. यंदा तो धुऱ्यावर विळा चालवणार आहे म्हणतो, मी तूर पुन्हा लावतो आहे. ज्यांच्या घरी बाटली आली असेल त्यांनी लेबलचा फोटो पाठवा, मराठी मजकूर किती आणि केवढ्या अक्षरात आहे ते बघू, आणि सगळे फोटो घेऊन पुढच्या सोमवारी तालुका कृषी कार्यालयात जाऊ. कोण कोण येणार ते सांगा.